दगडाचं मोकळं अंग

माझ्या बहिणीच्या धाकट्या मुलाचं, भीमाचं, जावळ माझ्या मांडीवर काढलं त्या वर्षीची ही गोष्ट. साल त्र्याण्णव. चैत्रात जावळ झालं आणि वैशाखात आम्ही बोरदऱ्याच्या गावविहिरीवर कामाला होतो.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला ती गाडी आली तेव्हा मी यारीच्या इंजिनाला हँडल मारत होतो. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला लोखंडी हात. त्याला तारेचा दोर आणि दोराला मोठी बादली. खाली फोडलेला दगड त्या बादलीतून वर येतो आणि माणूसही तिच्यातूनच खालीवर करतो. गाडी विहिरीवर न थांबता पुढं गेली आणि ऐंशी पावलांवरच्या कोरड्या बोअरपाशी उभी राहिली. मागोमाग पाण्याचा टँकर आला.

"हे आणि काय?" नागूबावा म्हणाले.

नागूबावा माझ्या थोरल्या बहिणीचे, गंगव्वाचे, मालक. आमच्या वडार लोकांत बहिणीच्या नवऱ्याला बावा म्हणतात. चौदाव्या वर्षी माझ्या हातात घण दिला तो त्यांनी. हातोडी मारून दगडाचा आवाज कसा ऐकायचा, त्याची रग, म्हणजे तो ज्या रेघेनं फुटतो ती, कुठून कुठं जाते ते कसं ओळखायचं, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढं छिन्नीची कपची उडून त्यांचा डावा डोळा गेला आणि उजवाही अधू झाला. तेव्हापासून टोळीचा मुकादम मी होतो आणि ते माझ्या हाताखाली काम करत. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

टोळीतली बाकीची चौघं त्या दिवशी दोन कोसांवर लग्नाला गेली होती. कामावर आम्ही दोघंच. विहिरीत बावा आणि यारीवर मी.

गाडीतून एक तरुण साहेब उतरले. देवस्थळी त्यांचं नाव. डोक्याला रुमाल बांधलेला, नाक उन्हानं सोललेलं. गावचे सरपंच वामनतात्या त्यांच्यामागून छत्री घेऊन चालत होते. टँकर दिसल्याबरोबर बाया हंडे घेऊन धावल्या. पण टँकरच्या तोटीला साहेबांच्या माणसानं जाड नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक यंत्राला लावलं.

"अहो, पाणी कुठं नेताय?" सोनाबाईनं विचारलं. ती हंड्यांच्या रांगेत कायम पहिली असायची.

"मावशी, हे पाणी बोअरमध्ये जोरानं दाबायचंय," साहेब म्हणाले. "खालचा दगड उकलेल, झरे मोकळे होतील. एक टँकर घालू, मग रोजचे दहा टँकर निघतील."

"आणि नाही निघाले तर तुम्हाला घालू का त्या भोकात?"

सगळे हसले. साहेबही हसले. पण बाया हंडे घेऊन मागं गेल्या नाहीत, तिथंच बसून राहिल्या.

साहेबांनी आम्हाला यंत्र समजावून सांगितलं. बोअरमध्ये पाइपाला रबराचा फुगा लावून सोडायचा. चाळीस फुटांवर तो फुगवला की भोकाला गच्च बसतो, पाण्याला वर यायला वाट राहत नाही. मग खाली पाणी दाबायचं. यंत्रावर घड्याळासारखी तबकडी होती आणि तिच्यावर काटा. दाब वाढेल तसा काटा चढत जायचा.

"चढत चढत एकदम खाली पडतो," साहेब म्हणाले. "काटा पडला की समजायचं, दगड उकलला."

मला नवल वाटलं नाही. पाण्यानं दगड फोडायचं काम आमचं जुनंच. दगडात ओळीनं खाचा पाडायच्या, सुक्या बाभळीच्या पाचरी त्यात ठोकायच्या आणि वर ओलं गोणपाट टाकून निजायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सकाळी दगड दोन फाका होऊन पडलेला असतो. मी हे सांगितलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"अगदी तेच. फक्त इथं पाचर पाण्याचीच. आधीची एखादी बारीक चीर असते, ती उघडते. एकदा उघडली की सगळा जोर तिच्या टोकाशी जातो आणि ते टोक पुढचा दगड फाडत जातं."

"कापडाला दातानं चीर दिल्यावर पुढं ते आपोआप फाटतं, तसं," मागून बावा म्हणाले.

"हां. तसंच."

"आणि फाटत कुठवर जातं?"

"पाणी दाबत राहू तोवर. कधी पन्नास फूट, कधी दोनशे."

"कुणीकडं?"

साहेबांनी रुमाल सोडून तोंड पुसलं. "ते वरून दिसत नाही. दगडावर ज्या बाजूनं कमी ओझं असेल तिकडं. म्हणून तर नियम आहे, शंभर मीटरच्या आत विहीर असेल तर तीत माणूस ठेवायचा नाही. तात्या, आज विहिरीचं काम बंद ठेवा."

वामनतात्यांनी छत्री मिटली. "साहेब, यारी रविवारी दुसऱ्या गावाला जाणार. सुरुंगाची भोकं अर्धी झालीत. आजचा दिवस गेला तर ही विहीर पावसाळ्यापर्यंत अशीच राहील. तुमचं बोअर लागलं तर ठीक. नाही लागलं तर गावानं काय चाटायचं?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा आमचा तिम्माप्पा. दगड कानानं ओळखतो. याला विचारा भेग कुणीकडं जाईल ते."

चाळीसेक माणसं उभी होती. साहेब म्हणाले, "सांगा, तिम्माप्पा."

मी हातोडी घेतली. बोअरच्या भोवती काळा पाषाण उघडा पडला होता. मी दहा ठिकाणी ठोकलं, ओणवा होऊन ऐकलं. रग साफ होती, उत्तर-दक्षिण. विहीर होती पूर्वेला.

"अशी जाईल," मी हातानं दाखवलं. "देवळाकडनं ओढ्याकडं. विहिरीच्या वाटेला जायची नाही."

"हे वरच्या दगडाचं झालं," बावा म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"तिम्मा, खाली पन्नास फुटांवर गेरूचा पट्टा आहे. दोन दगडांच्या मधला. मऊ आहे तो. भेग त्याला धरून येईल. आणि दगड कधीही मोकळ्या अंगाला, पुढं आड दगड नसतो त्या बाजूला फुटतो, हे तुला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वर सगळीकडं मोकळं आहे. पण खाली मोकळं अंग कुठलं? ही विहीरच की."

ते हळू आवाजात बोलले होते, पण सगळ्यांनी ऐकलं. सोनाबाई म्हणाली, "ऐका, आता गुरु-चेल्याची जुंपली."

मला अंगातून गरम वाफ गेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "बावा, तुम्हाला ताटातली चटणी दिसत नाही, अक्का हाताला धरून दाखवते. पन्नास फूट खालचं बरं दिसतंय."

माणसं मोठ्यानं हसली. तात्या तर छत्रीवर रेलून हसले. बावा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पहार उचलली आणि यारीकडं चालायला लागले.

"मुकादम तू. तू म्हणतोस तर उतरतो."

साहेबांनी मला पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

मी बावांना बादलीतून खाली सोडलं. पंचावन्न फूट. उतरताना त्यांचं तोंड माझ्याकडं नव्हतं, ते भिंत बघत होते. एका हातानं दगड चाचपत गेले. तळाशी पोचल्यावर त्यांनी दोर दोनदा हलवला आणि थोड्या वेळानं पहारीचा आवाज सुरू झाला. ठक्, ठक्, ठक्. एका लयीत. डोळे गेले तरी त्यांची लय गेली नव्हती.

पहिला दाब अकराच्या सुमाराला दिला. यंत्राचं इंजिन मोठं होतं, आमची यारी त्याच्यापुढं कण्हल्यासारखी वाटायची. मी काठावरच उभा होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग विहिरीच्या भिंतीतले पारवे एकदम सगळे बाहेर आले. आम्ही सुरुंग उडवायचो तेव्हाही ते उडायचे, पण घिरट्या घालून परत यायचे. या वेळी ते ओढ्याच्या पलीकडं गेले आणि दिसेनासे झाले. नंतर तिकडून आरोळी आली, "पडला, काटा पडला." बायांनी टाळ्या वाजवल्या.

काटा पडल्यावरही इंजिन चालूच होतं. साहेबांनी सांगितलं होतं, आता भेग पळत असते. मी पायांखाली बघत होतो. जमीन होती तशीच होती. मुंग्यांची एक ओळ दगडावरून चालली होती, तीही मोडली नाही.

पाऊण तासानं इंजिन बंद झालं. त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की खालची पहारही थांबली आहे.

"बावा," मी हाक मारली.

"आहे रे."

"काय झालं?"

"भिंत ओली झालीय. मावळतीच्या अंगाची. गेरूच्या पट्ट्यावर."

मावळतीला बोअर होतं. माझ्या मागं तात्या आले होते, त्यांना फक्त ओली एवढाच शब्द ऐकू आला. ते ओरडले, "विहिरीला पाणी लागलं." पुढचं मला सांगायला नको. सगळं गाव काठावर आलं. कुणी वाकून बघत होतं, कुणी मुलांना मागं ओढत होतं. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. चार महिने त्या गावानं स्वतःचं पाणी पाहिलं नव्हतं.

खालून बावांचा आवाज आला. "तिम्मा, बादली चढव. तांब्या पाठवतोय."

मी बादली चढवली. तिच्यात त्यांचा पितळी तांब्या होता, अर्धा भरलेला. पाणी तांबूस होतं, गेरूमुळं.

"चाखून सांग," ते खालून म्हणाले. "माझं तोंड तंबाखूनं मेलंय, मला कळत नाही. हे पाणी कुणाचं? जमिनीचं का टँकरचं?"

त्यांनी विचारलं ते अगदी नेमकं होतं. टँकर धरणावरून यायचा आणि त्यात पांढरी पावडर टाकलेली असायची. तिची चव गावात पोराबाळांनाही ठाऊक होती. पाणी जमिनीचं असेल तर झरा लागला. टँकरचं असेल, तर बोअरमध्ये दाबलेलं पाणी दगड फाडत ऐंशी पावलं चालून विहिरीपर्यंत आलं होतं आणि पुढच्या दाबाला तिथूनच बाहेर पडणार होतं, बावांच्या अंगावर.

मी तांब्या तोंडाला लावला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सोनाबाईच्या हातात रिकामा हंडा होता आणि तिचे ओठ हलत होते.

"गोड आहे," मी म्हणालो. मग वाकून विहिरीत म्हणालो, "जमिनीचं आहे, बावा. गोड आहे."

खाली पहार टेकल्याचा आवाज आला.

"मग मी चुकलो म्हणायचा," बावा म्हणाले. "ऐकलं का रे वरच्यांनी? तिम्माचं बरोबर. माझं चुकलं."

त्यांनी हे मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सकाळी मी चारचौघांत त्यांची फजिती केली होती, ती त्यांनी चारचौघांतच फेडून टाकली, माझ्या बाजूनं.

साहेब यंत्राकडून धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण पूर्ण नव्हता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिम्माप्पा, हे टँकरचं पाणी तर नाही? तुम्ही चाखलंय ना?"

"चाखलंय. नाही टँकरचं."

"खात्री आहे? कारण बोअर अजून मोकळं झालं नाही. मला आणखी एक दाब द्यावा लागेल, आधीच्यापेक्षा मोठा."

तांब्या माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "द्या."

ते गेले. मी मनाशी ठरवलं होतं. बावांना काहीतरी सांगून वर घ्यायचं, मग दाब होऊ दे, विहीर फुटू दे, काय व्हायचं ते होऊ दे. माणूस खाली नसला म्हणजे झालं. संध्याकाळी भाकरी खाताना त्यांना एकट्याला सांगेन, बावा, चव वेगळी होती. ते शिवी देतील आणि विसरतील. असा हिशेब होता.

"बावा," मी बादली परत खाली सोडत ओरडलो, "वर या. भाकरी खाऊन घ्या."

"आता?"

"ऊन झालंय."

"खाली कुठलं ऊन? गार आहे इथं." ते हसल्याचा आवाज आला. "पाणी लागल्यावर वडार वर येतो का रे? दोन भोकं राहिलीत. पाणी चढलं की पहार चालायची नाही. ती पुरी करतो आणि येतो."

आमच्या कामाची हीच रीत आहे. तळाला पाणी दिसलं की आधी हातातली भोकं पुरी करायची, मग वर यायचं. मलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

"या म्हणतो ना," मी म्हणालो.

"का? काही झालंय का?"

मी काठावर ओणवा होतो. खाली त्यांचं तोंड वर केलेलं दिसत होतं, बशीएवढं. त्या एका शब्दाची ते वाट बघत होते. टँकरचं, एवढं म्हणायचं होतं. ते बादलीत उडी मारून बसले असते. माझ्या उजव्या हाताला वामनतात्या नारळाच्या शेंड्या सोलत होते. सोनाबाई विहिरीच्या दगडाला हळदकुंकू लावत होती. ती मला म्हणाली, "मुकादम, तुमच्या तोंडात साखर पडो."

"काही नाही," मी खाली सांगितलं. "लवकर करा."

पहार पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही नीट समजत नाही. मी साहेबांकडं जाऊन दाब थांबवायला हवा होता. मी निघालोही तिकडं. ऐंशी पावलं. पण चालताना माझ्या मनात आलं, माझी जीभ चुकली असेल तर? सकाळी मी चहा प्यायलो होतो, विडी ओढली होती. कदाचित गेरूचीच ती चव असेल. म्हणून मी साहेबांकडं न जाता आधी टँकरकडं गेलो. तोटीखाली ओंजळ धरली. तोटीला जाड नळी बांधलेली होती, थेंब थेंबच येत होता. ओंजळ भरायला वेळ लागला. मी ती भरू दिली.

प्यायलो. तीच चव होती. जरासुद्धा फरक नव्हता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला.

मी यंत्राकडं पळालो. साहेब तबकडीपुढं वाकले होते, त्यांच्या माणसाचा हात दांडीवर होता. मी ओरडलो, बंद करा. त्यांना ऐकू आलं नाही. मी जवळ जाऊन साहेबांचा दंड धरला.

"बंद करा. पाणी टँकरचं आहे."

"काय?"

"विहिरीतलं पाणी टँकरचं आहे. बावा खाली आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग माणसाच्या हातावर हात मारून दांडी खाली ओढली. त्याच वेळी मी काटा बघितला. तो बराच वर होता आणि माझ्या डोळ्यांदेखत पडला, पिकलं पान पडावं तसा हळू नाही, एकदम.

आवाज नंतर आला. आधी माझे तळपाय हलले. मग विहिरीजवळ ठेवलेले रिकामे हंडे एकमेकांवर वाजले. मग विहिरीतून एक जाड आवाज आला, सुरुंगासारखा फुटलेला नाही, तर मोठं दार लोटावं तसा. काठावरची माणसं मागं सरकली. तांबडी धूळ वर आली.

मी पळत विहिरीवर आलो. यारीचा दोर सरळ खाली गेलेला होता. मी हाका मारल्या. धूळ बसल्यावर दिसलं, गेरूच्या पट्ट्यावरचा काळा दगड, खोलीएवढा, भिंतीतून सुटून तळावर पडला होता. त्याच्या कडेनं तांबडं पाणी जोरात येत होतं आणि तळ भरत होतं. बायांनी आणलेला नारळ कुणाच्या तरी हातातून खाली सुटला होता, तो त्या पाण्यावर तरंगत होता.

मी यारीच्या दोरानं उतरलो. माझ्यामागून साहेब उतरले, बूट घालूनच. आम्ही दोघांनी पहारी लावल्या. दगड हलला नाही. मध्येच साहेबांनी पहार टाकली आणि गेरूच्या पट्ट्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. भेग तेवढी रुंद झाली होती.

लग्नाला गेलेली आमची चौघं निरोप मिळाल्यावर आली, अंगावर लग्नाचेच कपडे होते. सहा जणांनी दगडाला खाचा पाडल्या आणि घणानं फोडला. दिवस मावळायच्या आत बावांना वर काढलं.

गंगव्वा ओढ्याजवळच्या पालावरून आली होती, भीमा तिच्या कडेवर होता. ती आमच्यासारखी छाती पिटून रडली नाही. बावांजवळ बसली आणि त्यांच्या कानातली, केसातली तांबडी माती पदरानं काढत राहिली. खूप वेळानं तिनं मला विचारलं.

"त्यांनी तुला काही विचारलं होतं का?"

तिला कुणी काही सांगितलं होतं की ती आपल्या मालकाला ओळखत होती म्हणून विचारलं, मला माहीत नाही.

"नाही, अक्का."

"वर का नाही आले?"

"मी दोनदा बोलावलं. भोकं पुरी करतो म्हणाले."

तिनं मान हलवली. "तसेच होते ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं पंचनामा लिहिला आणि मला वाचून दाखवला. मी सांगितलं तसंच त्यात होतं. साहेबांनी माझ्यावर काही आळ घेतला नाही. माणूस खाली असताना दाब द्यायला नको होता, चूक माझीच, एवढंच त्यांनी लिहून दिलं. त्यांची नोकरी गेली असं पुढं ऐकलं. जाताना ते मला भेटायला पालावर आले होते. मी भाकरीचं पीठ मागायला जातो असं सांगून मागच्या बाजूनं निघून गेलो.

त्या बोअरला पाणी लागलं. दुसऱ्या दाबानं झरे खरोखर मोकळे झाले होते. तिथं हातपंप बसवला आणि बोरदऱ्याचे लोक ते पाणी पिऊ लागले. मी त्या गावाला परत गेलो नाही. दगड ऐकून सांगायचंही सोडलं. कुणी विचारलं तर कान गेले असं सांगायचो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, हात थरथरायला लागल्यावर, मी साक्षरतेच्या वर्गाला बसलो. दोन वर्षांनी जोडाक्षरं वाचता यायला लागली. भीमा तोवर मोठा झाला होता, तालुक्याला नोकरीला होता. नुकसानभरपाईच्या कागदांत त्याच्याकडं पंचनाम्याची नक्कल होती. मी ती मागून घेतली आणि ओसरीवर बसून बोट ठेवत वाचली. त्यात लिहिलं होतं: मयतास वर येण्याबाबत दोन वेळा सांगितले असता, मयत हा विहिरीस पाणी लागल्याच्या आनंदात वर आला नाही. खाली माझा अंगठा होता.

त्यात खोटं काही नाही. दोनदा बोलावलं हे खरं आहे. त्यांनी "का?" असं विचारलं आणि मी "काही नाही" म्हणालो, ते त्यात नाही. तांब्या त्यात नाही.

भीमा म्हणाला, "मामा, वाचलं का? बाबांचा थोडा हट्टीपणाच झाला."

मी नक्कल घडी घालून त्याला परत दिली. त्या दिवशीही सांगितलं नाही, कारण गंगव्वा आत चुलीपाशी होती. आता ती राहिली नाही. हे सगळं लिहिलेला हा कागद भीमाला मी स्वतः नेऊन देणार आहे. त्यानं तो माझ्यापुढं बसून वाचावा. मग त्यानं मला मामा म्हणायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.

माझी बहीण गंगव्वा नागाप्पा बंदपट्टे दोन हजार एकोणीस साली कार्तिकात, तापानं, अंथरुणावर वारली. तिचे मालक नागाप्पा दुर्गप्पा बंदपट्टे, वय बावन्न, शुक्रवार चौदा मे एकोणीसशे त्र्याण्णव रोजी दुपारी दोन वाजता बोरदऱ्याच्या गावविहिरीत दगडाखाली सापडून वारले. पाणी टँकरचं होतं. ते मला ठाऊक होतं.